मिल्काबाईंचा बांध

तो समोर मातीचा बांध दिसतोय ना, मधेच कोपरासारखा वाकलेला? तो मिल्काबाईंचा बांध. अहो, फोटो नंतर काढा, आधी ऐका.

इस्राएलच्या या वाळवंटात आमचा किबुत्झ वसवला तो अलिबागकडून आलेल्या अकरा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, कुटुंबांनी. किबुत्झ म्हणजे जमीन सगळ्यांची, चूल एक, पंगतही एकच. आल्या आल्या त्यांनी काय केलं? भाताच्या खाचरांना घालतात तसे बांध घातले! शेजारची माणसं पोट धरून हसली, असं सांगतात. इथे हिवाळ्यात चार दिवस पाऊस, तेवढाच. पण बांधाशिवाय शेत म्हणजे आमच्या लोकांना शेतच वाटेना.

दोन हिवाळे कोरडे गेले. सरकारी अधिकारी सांगून गेला, यंदा बांधामागे पाणी साठलं नाही तर गाव उठवू आणि एकेक कुटुंब वेगवेगळ्या ठिकाणी पाठवू. मिल्काबाई झिराडकर विधवा, एकट्या. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मला इथेच पुरा, पण माझी माणसं वाटून टाकू नका."

आणि पाणी आलं, तेही नेमकं शनिवारी! डोंगराकडून लोंढा आला आणि बांधाला भगदाड पडलं. शनिवार म्हणजे आमचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस, त्या दिवशी फावड्याला हात लावायचा नाही. कोकणातसुद्धा शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारी ही माणसं. नेम मोडणार कसा? पुरुष नुसते बघत राहिले. मिल्काबाईंनी मात्र पदर खोचला आणि सरळ भगदाडात जाऊन बसल्या. "बसायला कुठे मनाई आहे? या की!"

मग अख्खं गाव बसलं, खांद्याला खांदा लावून, शब्बाथच्या धुवट कपड्यांत. पाणी छातीपर्यंत चढलं म्हणे, आणि तिथेच थांबलं. आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत, म्हणजे शब्बाथ सुटेपर्यंत, कुणी हललं नाही. मग फावडी आली. लोंढ्याने बसलेल्यांची रांग मधे वाकली होती, तिच्याच पाठीला लागून माती टाकली, म्हणून तिथे बांध वाकडा आहे.

दुसऱ्या दिवशी अधिकारी आला. बघतो तर पाणी काठोकाठ. "शनिवारी हे काम कुणी केलं?"

"काम?" मिल्काबाई म्हणाल्या. "साहेब, आम्ही नुसते बसलो होतो!"

आजही लोंढा येऊन गेला की पुढच्या शनिवारी आम्ही सगळे चांगले कपडे घालून त्या बांधावर बसतो. नातवंडांना मराठी फारशी येत नाही, पण "या की!" म्हटलं की पोरं बरोबर सरकून जागा करतात. अकरा कुटुंबांची आता एकशे चार झाली. त्यातलं एकही इथून हलवायची कुणाची छाती झालेली नाही.