वाजत्या वहाणा

फार फार वर्षांपूर्वी एका डोंगरी राज्यात वहाणा करणारा एक कारागीर राहत होता. राज्य कुठलं, राजा कोण, ते सोडून द्या. वहाणा राजालाही लागतातच. कारागिराला ना बायको, ना मूल. वेशीपाशी एक खोपट आणि खोपटाच्या भिंतीवर टांगलेल्या चामड्याच्या वाद्या, एवढाच त्याचा गोतावळा.

या वाद्यांची एक गंमत होती. गिऱ्हाईक आलं की कारागीर त्याच्या पायाच्या मापाची वादी कापायचा. पायाला कुरूप असेल तर वादीला गाठ मारायची. टाच फुटलेली असेल तर भोक पाडायचं. आणि चालताना करकर वाजणाऱ्या वहाणा हव्या असतील, तर एक तिरकी खाच. कुणाला काय आवडतं, कुणाला काय कबूल केलंय, सगळं भिंतीवर. त्यामुळे त्याच्या हातून चूक म्हणून होत नसे. मात्र मान वर करून तो कुणाशी चार शब्द बोलतही नसे. खूण केली की त्याच्या लेखी माणूस संपला.

त्याचा एक नियम होता, आणि नियम चांगलाच होता. आधी गरजेचं काम, मग हौसेचं. गाठी आणि भोकं पुढे, खाचा मागे. करकर काय, मिरवायलाच तर हवी असते!

एके दिवशी एक म्हातारा आला.

"वाजत्या करा हो," तो म्हणाला. "माझ्या बायकोची नजर गेलीय. या जुन्या वहाणा आता मुक्या झाल्यात. मी कधी आलो नि कधी गेलो, तिला बिचारीला कळतच नाही."

कारागीर दोरा ओवत होता. "पुढच्या बाजाराला या," एवढंच बोलून त्याने माप घेतलं आणि वादीला तिरकी खाच पाडली. गेलेल्या नजरेसाठी त्याच्याकडे खूण नव्हती. मग ती वादीवर उतरणार कशी?

पुढच्या बाजाराला म्हातारा आला. "झाल्या का?"

कारागिराने वादी पाहिली. नुसती खाच. "पुढच्या बाजाराला."

म्हातारा पडला भिडस्त. पुन्हा सगळं सांगायचा त्याला संकोच वाटला. "सवडीनं करा," म्हणाला आणि गेला. असे कितीतरी बाजार गेले. थंडी सरली, ऊन तापू लागलं.

मग एका सकाळी एक म्हातारी काठीने वाट चाचपत खोपटाच्या दारात आली.

"माझ्या मालकांची वादी असंल तुमच्याकडं. तेवढी काढून टाका. वहाणा आता नकोत."

"का?" कारागिराने विचारलं. गिऱ्हाइकाला 'का?' असं विचारायची त्याची ही पहिलीच वेळ.

"गेले ते. बाजारातून आले, ओसरीवर टेकले आणि बसल्या जागी गेले. मी आत चुलीपाशी. पावलं वाजली नाहीत, मला कसं कळावं? मी आपली वाट बघत बसले. भाकरी झाकून ठेवली. शेजारीण विस्तव मागायला आली, तिला दिसले."

म्हातारीच्या बोलण्यात राग नव्हता. रागावली असती, तर कारागिराला सोसलं असतं. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, आत्ता करून देतो. वाजत्याच करतो."

"आता कुणाची चाहूल घेऊ, बाबा?" म्हातारी म्हणाली आणि आल्या वाटेने निघून गेली.

त्या दिवसापासून कारागीर आधी गिऱ्हाइकाचं सगळं ऐकून घेई आणि मगच वादी कापी. लोक त्याच्या खोपटात घटकाभर टेकू लागले. त्याच्या वाट्याचं एकटेपण थोडं सरलं. म्हातारीचं काही सरलं नाही. तिच्या घरावरून जाताना तो लांबूनच हाक देई, "आई, मी आहे, वहाणावाला." कधी ती ओ देई. कधी देत नसे.

म्हणून लहानथोरांनो, कुणी काय मागितलं हे जरूर लक्षात ठेवा. पण ते का मागितलं, हे त्याच्याही आधी लक्षात ठेवा.