चिचुंद्रीचं नाक

फार पूर्वी एका शेताच्या बांधाखाली उंदरांची वस्ती होती. बिळं कुठे उघडी पडली आहेत, ते हुंगून शोधायचं काम एका चिचुंद्रीकडे होतं.

एकदा ती म्होरक्याला म्हणाली, "तुमच्या चोरवाटेच्या तोंडाशी शेंगांची टरफलं पडली आहेत. त्या मागावर साप येईल."

"सुगी उरकली की उचलू," म्होरक्या म्हणाला. "आणि हे चारचौघांत बोलू नकोस."

ती गप्प राहिली. सुगी चालू असतानाच साप त्या वाटेने शिरला आणि वस्तीतली पिल्लं गिळून गेला.

रडणाऱ्या आयांनी विचारलं, "ही वाट सापाला कळली कशी?"

म्होरक्या म्हणाला, "माझ्याखेरीज ती फक्त चिचुंद्रीला ठाऊक होती."

सगळ्यांनी तिला चावून हाकलून दिलं. मग वस्तीला अगदी सुरक्षित वाटू लागलं.