एका गोधडीतल्या दोघी

त्या राज्यात मेण हेच धन होतं, आणि ते गार झालं की त्याचा दगड होत असे. पूर्वेच्या टोकाला कढई होती, पश्चिमेच्या टोकाला साचे होते, आणि मधल्या उघड्या माळावर बारा महिने वारा होता. वितळलेलं मेण साच्यांपर्यंत पातळ पोचलं, तर पश्चिमेच्या घरांत मेणबत्त्या लागत. वाटेत थिजलं, तर लागत नसत.

ते मेण थोरली नेत असे. थोरली ही मांडीएवढी जाड नळी माळावरून सरळ आडवी गेली होती. तिच्या पोटाला चिकटून खालून बोटभर जाडीची धाकटी नळी गेली होती, आणि धाकटीच्या अंगात वाफ होती. वाऱ्यापासून जपण्यासाठी दोघींना मिळून एकच जाड गोधडी गुंडाळली होती. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला एकच नळी दिसे, आणि तिला सगळे थोरली म्हणत. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडी माणसं येऊन गोधडीवर नवा पिवळा पट्टा ओढत आणि मेण कुठे जातं ते दाखवणारा बाण काढत. वाफ कुठे जाते याचा बाण कोणी काढला नव्हता.

गोधडीला जागोजागी, सांध्यापाशी, हातभर खिडकी ठेवलेली होती. रोज सकाळी नळीवर देखरेख ठेवणारी हौसाबाई माळावरून चालत येई, प्रत्येक खिडकीत हात घालून थोरलीवर तळवा ठेवी, "ऊन आहे" म्हणे आणि पुढे जाई. सगळ्या खिडक्यांतून "ऊन आहे" आल्याशिवाय कढईची झडप उघडायची नाही, असा त्या राज्याचा रिवाज होता.

त्याच खिडक्यांत धाकटीला लाल चिंधी बांधलेली होती. हिला हात लावू नये, असा तिचा अर्थ. फार पूर्वी एकदा हौसाबाईचं बोट चुकून तिला लागलं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, "भाजलं मेलीनं." धाकटीविषयी माणसाच्या तोंडून निघालेले तेवढेच शब्द होते, आणि ते तिने जपून ठेवले होते.

थोरली वाईट नव्हती. थोरल्या जावेसारखी ती गोडच बोले. "दमलीस का गं धाकटे?" ती विचारी. "आज माझ्या अंगात कशी छान ऊब आहे बघ." धाकटी गप्प राही. चटकन बोलणं तिला जमत नसे. पण 'माझ्या अंगात' हे शब्द तिला दिवसभर टोचत. कोणत्या खिडकीत तळवा किती वेळ टेकला, कुठे तो जरा जास्त रेंगाळला, कुठे हौसाबाईने जाता जाता थोरलीला थोपटलं, हे सगळं तिला पाठ होतं.

त्याहून जास्त तिला आपला शेवट खुपे. थोरलीच्या अंगातलं मेण जसंच्या तसं, पिवळं धमक, साच्यांत उतरे. धाकटीची वाफ मात्र वाटेतल्या प्रत्येक पावलाला आपली ऊब थोरलीला देत देत जाई आणि शेवटी तिचं पाणी होई. ते पाणी थेंब्याच्या दारातून गटारात पडे. थेंब्या हा टोकाला बसलेला दारवान होता. पाणी आलं की दार उघडायचं आणि वाफ आली की मिटायचं, एवढंच त्याचं काम. गटारात एक बेडूक राही. धाकटीच्या सगळ्या आयुष्याचा उपयोग झालेला तेवढा एकच जीव, असं तिला वाटे.

एक दिवस तिने थेंब्याला विचारलं, की तू नेमकं राखतोस तरी काय. थेंब्या म्हणाला, दार राखतो. कोणाच्या घराचं, तिने विचारलं. थेंब्या ओशाळला. इतकी वर्षं आपण गटाराला दार धरून बसलो आहोत, हे त्याला कोणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं.

"उघडू नकोस," धाकटी म्हणाली. "माझं आहे ते माझ्याजवळ राहू दे. मलाही एकदा भरलेली होऊन बघायचंय."

थेंब्याने विचार केला. भरलेल्या घराचा दारवान व्हायला त्यालाही आवडलं असतं. त्याने दार मिटलं आणि पाणी आलं तरी उघडलं नाही.

पहिल्या दिवशी धाकटीला फार सुख वाटलं. टोकाकडून पाणी साठत आलं. तिला वजन आलं. आजवर जे अंगातून निसटून जात होतं, ते आता तिच्यातच होतं. दुसऱ्या दिवशी पाणी निम्म्या माळापर्यंत चढलं. वाफ मागून ढकलत होती, पण पुढे जागा नव्हती.

"धाकटे," थोरली म्हणाली, "साच्यांकडच्या अंगाला तुझी पाठ लागत नाही गं मला आज."

"माझी पाठ कसली जाऊबाई?" धाकटी म्हणाली. "ऊब तर तुमच्याच अंगात असते."

थोरलीच्या अंगातलं मेण जड झालं होतं, आणि जड मेण वाहताना बोलायला दम उरत नाही.

तिसऱ्या सकाळी हौसाबाईने पश्चिमेच्या खिडकीत हात घातला आणि तो तिथेच राहिला. तिने दोन्ही तळवे टेकले. मग गाल टेकला. "बाई गं," ती थोरलीला म्हणाली, "काय झालं तुला?" इतक्या मायेने ती कधी बोलली नव्हती. आणि धाकटी, जिच्यामुळे हे झालं होतं, ती त्या गालाकडे पाहून पुन्हा जळली. थोरली थिजतानाही सगळं तिलाच मिळत होतं.

दुपारी कोंडाजी करवत घेऊन आला. नळ्या कापणं आणि जोडणं हे त्याचं काम होतं. त्याने थोरलीवर हातोडी मारली. भरीव आवाज आला. आत दगड झालाय, तो म्हणाला. तुकडे करून कढईत टाकू, मेण तरी सुटेल, नळी काय नवी आणता येईल.

हे ऐकल्यावर मात्र धाकटी घाबरली. थोरली गेली तर आपण कोणाला टेकून राहायचं, हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. तिने थेंब्याला दार उघडायला सांगितलं. पण सगळ्या माळाचं पाणी आता त्या दारावर रेटून उभं होतं, आणि पाण्याबरोबर आलेला गाळ बिजागरीत बसला होता. दार त्यालाही उघडेना. धाकटीने अंगातली उरलीसुरली ऊब थोरलीकडे ढकलून पाहिली. देण्याजोगं फारसं काही नव्हतं. ती काठोकाठ भरलेली होती.

करवत लावण्याआधी हौसाबाईने एक सांधा खोलून बघायला लावला. कोंडाजीने कुरकुरत नट सैल केले. आत मेण पांढरं आणि टणक झालं होतं, खोबऱ्याच्या वाटीसारखं. फक्त तळाशी, धाकटी जिथे टेकली होती तिथे, बोटभर जागा अजून पिवळी आणि ओली होती. हौसाबाईने तिथे बोट दाबलं. ते आत गेलं.

ती थोडा वेळ बोटाकडे बघत राहिली. मग तिने लाल चिंधी सोडली आणि धाकटीवर तळवा ठेवला.

ज्याच्यासाठी धाकटीने एवढं केलं तो हात आता तिच्या अंगावर होता. तो नुसता टेकलेला होता. श्वास आहे का बघायला नाकाशी धरतात, तसा.

"ही गार आहे," हौसाबाई म्हणाली.

"असू दे की," कोंडाजी म्हणाला. "ती काय मेण नेते?"

प्रत्येक खिडकीत धाकटीवर हात ठेवत हौसाबाई टोकाला गेली. तिथे तिने थेंब्याचं मिटलेलं दार पाहिलं आणि मागोमाग आलेल्या कोंडाजीची हातोडी घेऊन दारावर दोनदा हाणली.

दार उघडलं. तीन दिवसांचं पाणी गटारात कोसळलं आणि बेडूक दूर उडाला. पाणी ओसरायला बराच वेळ लागला. हौसाबाई परत त्याच खिडकीशी येऊन उभी राहिली. चिंधी तिने बांधली नव्हती. तिने पुन्हा धाकटीवर तळवा ठेवला.

"बाई, हात काढा," कोंडाजी म्हणाला. "वाफ येईल."

"येऊ दे."

धाकटी आधी कोमट झाली, मग ऊन. तो हात तसाच राहावा म्हणून तिला थांबता आलं असतं तर ती थांबली असती. हौसाबाईने एकदम हात ओढून घेतला आणि मुठीत मिटला. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती हसत होती. "आली," ती म्हणाली.

थोरलीच्या अंगात तळापासून मेण सुटू लागलं. कोंडाजीने सांधा पुन्हा आवळला आणि करवत खांद्याला लावून गेला.

दुसऱ्या सकाळी साचे भरत होते. हौसाबाई नेहमीसारखी आली आणि खिडकीत हात घालून तिने थोरलीवर तळवा ठेवला. तळव्यावर कालच्या भाजण्याचा आडवा, बोटभर रुंदीचा लाल पट्टा उठला होता. ती "ऊन आहे" म्हणाली आणि पुढे गेली. थोरलीला तो पट्टा जाणवला. पुढच्या खिडकीत जाणवला, त्याच्या पुढच्याही. त्या दिवशी ती धाकटीशी एक शब्द बोलली नाही.

टोकाला गटारात थेंब पडत होते. बेडूक परत आला होता.