आणखी एक डेसिलीटर

रुक्साना मुजावर बाईंचा वर्ग त्या दिवशी शाळेच्या अंगणात भरला होता. मुलं मापांनी पाणी ओतत होती. दहा डेसिलीटर ओतले की एक लीटर भरतो, हे हातांनीच शिकत होती. तेवढ्यात तपासणीला शिक्षणाधिकारी हिंगमिरेसाहेब आले.

"हा काय पाणवठा आहे?" ते कडाडले. "किलो, हेक्टो, डेका, डेसी, सेंटी, मिली, एवढं घोकून घेतलं की झालं! ही मापं उद्यापासून बंद."

बाईंना ते फार लागलं. साहेबांनी खुर्चीत बसून घाम पुसला आणि पाणी मागितलं.

बाई अदबीनं पुढे आल्या आणि खड्या आवाजात म्हणाल्या, "किलोलीटर, हेक्टोलीटर, डेकालीटर, लीटर, डेसिलीटर, सेंटीलीटर, मिलीलीटर."

"अहो बाई, मी पाणी मागितलं!"

"दिलं की, साहेब! घोकून शिकता येत असेल, तर घोकून तहानही भागायला हवी."

मुलं श्वास रोखून उभी राहिली. साहेब आधी गोरेमोरे झाले, मग खो-खो हसत सुटले. स्वतः उठून त्यांनी माठातून डेसिलीटरचं माप भरलं आणि घटाघटा प्यायले.

"मापं चालू राहू द्या, बाई," ते म्हणाले. "आणि मला आणखी एक डेसिलीटर."