गावात विरजण उरलं नाही

ओढ्याकाठच्या निंबवडीत काशीगीर महाराज चार महिने मुक्कामाला होते. मारुतीच्या देवळामागे चिंचेखाली त्यांचं आसन. साल फार वाईट होतं. पाऊस बरा झाला होता, पण बाजार हाताबाहेर गेला होता. गोडेतेल, मीठ, जनावरांची पेंड, दर आठवड्याला भाव वरच. माणसं अर्धी पिशवी घेऊन परत यायची आणि वाटेत कोणी कोणाशी बोलायचं नाही.

गावात ठकूबाई परीटीण होती. धान्य महागलं तसे लोक कपडे घरीच धुऊ लागले आणि तिचं बलुतं बंद झालं. तरीही महाराजांची छाटी ती रोज धुऊन देई. तिचा नवरा म्हादू हगवणीने अंथरुणाला खिळला. अकरा दिवस पोटात काही ठरेना. वैद्य म्हणाले, "ताक पाज. ताकावर राहिला तर राहिला."

आपल्याकडे ताक कधी कोणी विकलं नाही. मडकं घेऊन दारात उभं राहावं, घरच्या बाईने पळीने वाढावं. पण पेंड महागल्यापासून दुधाचा थेंब न् थेंब डेअरीला जात होता. ठकूबाई वीस दारं फिरली. बायका खाली बघून म्हणत, "पोरांच्या चहाला दूध नाही गं, ताक कुठलं?"

शेवटचं दार दौलतराव सरकाळ्यांचं. गोठ्यात सहा म्हशी. ते ओट्यावरूनच म्हणाले, "पेंडीचं पोतं कितीला झालंय, ठाऊक आहे? फुकटचं ताक गेलं आता. तुझ्या महाराजांच्या कमंडलूत असेल बघ. छाट्या धुतेस ना त्यांच्या!"

ठकूबाई चिंचेखाली येऊन कोसळली. "महाराज, माझं कुंकू जातंय!" गंमत बघायला दौलतरावही मागोमाग आले.

महाराज म्हणाले, "ताक नसेल तर बोटभर विरजण माग. दूध कोणीतरी देईल."

"तेही मागितलं, महाराज. एकाही घरात विरजण नाही."

महाराजांचे डोळे भरून आले. "दुष्काळातसुद्धा या गावात विरजण होतं," एवढंच ते बोलले. मग त्यांनी कमंडलू उचलला आणि ठकूबाईच्या मडक्यात ओतला. नुसतं पाणी! दौलतराव हसले. पण हसू ओठांवरच थिजलं. मडक्यातलं पाणी पांढरं होत गेलं, आंबूस वास सुटला, मडकं काठोकाठ भरलं! काय ती कृपा!

दौलतरावांनी पाय धरले. "महाराज, चुकलो. आता भावही उतरवा. तुम्हाला काय अशक्य आहे?"

"भाव माझ्या हाती नाही, दौलत. पुढच्या बाजारी आणखी चढेल. तूही भरडला जातोयस, ते मला दिसतं. पण ताकाला नाही म्हणायची पाळी आली, तिथे मी कोणाकोणाला पुरणार? आणि पाया माझ्या पडू नकोस."

पुढच्या बाजारी पेंड महागलीच. त्या महिन्यात गावातली चार घरं कुलूप लावून निघून गेली.

म्हादूच्या पोटात मात्र ताक ठरलं. तिसऱ्या दिवशी तो भिंतीला टेकून बसला, तेव्हा दारात दौलतराव उभे होते. हातात वाटी.

"ठकूबाई, विरजणाला चमचाभर द्याल?"

मडक्याच्या तळाशी म्हादूपुरतंच उरलं होतं. ठकूबाईने क्षणभर नवऱ्याकडे पाहिलं आणि चमचा बुडवला. दौलतरावांनी वाटी बाजूला ठेवली, तिच्या उंबऱ्यावर डोकं टेकलं आणि ते रडू लागले.

आतून म्हादू क्षीण आवाजात म्हणाला, "अगं, त्यांना आधी उठव."