गोजराईने गायमाळ जाळला त्याची गोष्ट

ही गोष्ट कुसरुंड गावची. आज कुसरुंडमध्ये जो सगळ्यांत म्हातारा माणूस आहे, त्याच्या आजीने ती तिच्या आजीकडून ऐकली होती, आणि त्या आजीलाही ती कुणीतरी सांगितलेलीच होती. तेव्हा किती जुनी ते तुम्हीच ठरवा.

कुसरुंड डोंगराच्या पायथ्याला वसलेलं. गावाच्या उत्तरेला खळी, खळ्यांच्या पलीकडे गाडीवाट, आणि गाडीवाट ओलांडली की गायमाळ. गायमाळ म्हणजे नजर पोचेल तिथवर नुसतं गवत. पावसाळा सरता सरता ते माणसाच्या डोक्याला लागायचं, दसऱ्यानंतर पिवळं पडायचं, आणि दिवाळी झाली की सगळं गाव विळे घेऊन कापायला निघायचं. त्या गवतावर गावाची गुरं पुढचा पाऊस येईपर्यंत जगायची.

या गावात गोजरा नावाची एक कुंभारीण होती. नवरा तरुणपणीच गेला. बाईने चाकावर बसू नये असं तेव्हा मानत. गोजरा बसली. दोन महिने गावाने तिच्या दारात पाऊल टाकलं नाही. मग एकेका घरातली घागर गळायला लागली, आणि एकेक जण मुकाट्याने तिच्याकडे येऊ लागला. पुढे तर आसपासच्या बारा गावांना तिच्याच हातची मडकी लागायची. तिच्या रांजणातलं पाणी वैशाखातही दाताला कळ आणायचं, आणि तिच्या गाडग्यात ठेवलेलं दूध तीन दिवस नासत नसे, असं म्हणतात.

आता कुंभाराचं सगळं वाऱ्यावर. मडकी भाजायचा आवा पेटवला आणि वारा भलतीकडून शिरला, तर अर्धी मडकी काळी पडतात आणि अर्धी तडकतात. म्हणून गोजरा सकाळी उठली की आधी अंगणात उभी राहायची आणि वारा बघायची. चाळीस वर्षं तिने हे केलं. शेवटी शेवटी तर वारा तिला विचारून निघायचा, असं म्हणतात.

एका वर्षी काय झालं, दसरा झाला, दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली, तरी थंडीचं नाव नाही. उलट ऊन असं तापलं की जणू वैशाखच परत आला. आणि दक्षिणेकडून वारा सुटला. कोरडा, गरम, रात्रंदिवस वाहणारा. धुणं पिळून दोरीपर्यंत नेईतो वाळायचं. दाराच्या फळ्या आक्रसल्या आणि कड्या कोयंड्याला पोचेनात. कावळे चोची उघड्या टाकून सावलीत बसले. गायमाळातलं गवत एवढं वाळलं की त्यातून ससा पळाला तरी गावात ऐकू यायचं, असं म्हणतात.

गोजराचा आवा रचून तयार होता. आत घागरी, डेरे, परळ, आणि बारा गावांच्या दिवाळीच्या पणत्या. वर शेणकुटं आणि पाचोळा. फक्त विस्तव लावायचा बाकी. पण ती लावेना.

शेवटी रायाजी पाटील स्वतः तिच्या अंगणात आले. पाटील मनाचे चांगले, पण त्यांना कुठल्याही कामाला उशीर झालेला खपत नसे.

"गोजराक्का, दिवाळी तोंडावर आली. पणत्या कधी निघायच्या?"

"वारा पडल्यावर."

"अगं, पण वारा पडंना न्हवं!"

"म्हणूनच लावत न्हाई. ठिणगी उडाली तर पणत्या लावायला घरं ऱ्हाणार न्हाईत, पाटील." मग ती म्हणाली, "माझ्या आव्याचं सोडा. घराघरातल्या चुली बघा. उजाडायच्या आत भाकरी करून घ्या आणि दिवसभर चुलीत पाणी असू द्या. वारा हाय तवर."

पाटलांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण दवंडी दिली. गावाने कुरकुर करत चुली विझवल्या. गार भाकरी खाताना प्रत्येक घरात गोजराचं नाव निघायचं, आणि ते काही प्रेमाने नाही.

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी पहाटे गोजरा अंगणातल्या छपराखाली गेली. तिथे आणखी काही कच्ची मडकी ओळीने वाळत ठेवलेली होती. तिने नेहमीसारखा एकेकावर हात फिरवला. दक्षिणेची बाजू कढत. उत्तरेच्या बाजूला हात गेला आणि ती दचकली. प्रत्येक मडक्याची उत्तरेची बाजू गार होती, जशी काही मागून कुणी थंड पाण्याचा हात लावावा. वारा तर अजून दक्षिणेचाच होता. पण उत्तरेकडे डोंगराआड काहीतरी येऊन उभं होतं, आणि ते मातीला आधी कळलं होतं.

त्याच दिवशी दुपारी गायमाळाच्या पश्चिमेच्या टोकाला, ओढ्यापाशी, धूर दिसला. कुणी वाटसरू तिथे तीन दगड मांडून जेवण करून गेले होते. जाताना त्यांनी विस्तवावर माती लोटली होती, पण त्या वाऱ्यापुढे मूठभर मातीचं काय चालणार? बघता बघता गवत पेटलं. सगळं गाव खळ्यांवर धावलं.

पण वारा दक्षिणेचा होता. त्याने आग उत्तरेला, डोंगराच्या दिशेने रेटली. गावाकडे ती वळलीच नाही. गावाच्या पश्चिमेला एक लांबच लांब पट्टा जळत वर चढत गेला, आणि मधला सगळा गायमाळ तसाच पिवळाधमक उभा राहिला. बायाबापड्यांनी हात जोडले. पाटलांनी पागोटं काढून घाम पुसला.

"टळलं," ते म्हणाले.

"न्हाई टळलं," मागून गोजरा म्हणाली. तिच्या हातात एक कच्चं मडकं होतं. "वारा फिरणार हाय. सांजच्या आत उत्तरेचा येनार, आणि जोरात येनार. आता ती आग डोंगराकडं तोंड करून चाललीया. वारा फिरला की तिची ही सगळी कूस गावाकडं वळंल. एवढं लांब तोंड घेऊन ती खाली आली, तर ना खळी ऱ्हातील ना घरं."

"मग करायचं काय?"

"आपून आधी जाळायचं. गाडीवाटंच्या पल्याडचं गवत आपल्या हातानं पेटवायचं. वारा अजून आपल्या पाठीशी हाय, तवर आग गावाकडं येनार न्हाई, माळाकडंच जाईल. मागनं मोठी आग आली की तिला खायला काय ऱ्हानार न्हाई."

मग जानकू पुढे आला. जानकू म्हणजे गावाचा गुराखी. पन्नाशीचा, लग्न न केलेला, गावातल्या प्रत्येक गाईला नावाने ओळखणारा.

"तीन दिस आमच्या चुली इझवल्यास, म्हातारे, आन आता तूच आग मागतीस? गायमाळ जाळला तर माझी गुरं खातील काय? आगीनं सोडलेलं गवत तू जाळतीस?"

"जानकू, गवत जानारच हाय. निस्तं गवत जावं का गवतासंगं गाव जावं, एवढंच आपल्या हातात हाय."

"आन वारा न्हाई फिरला तर?"

"तर माझं चाक फोडा आणि मला वेशीभायेर काढा."

पाटील दोघांकडे बघत राहिले. त्यांचं स्वतःचं खळं सगळ्यांत पुढे होतं, आणि त्यांची बारा जनावरं दावणीला होती. गोजराने हातातलं मडकं त्यांच्यापुढे धरलं. "हात लावून बघा," ती म्हणाली. पाटलांनी दोन्ही हातांनी मडकं धरलं. डावा तळवा भाजला. उजवा तळवा गारठला. डोक्यावर ऊन, अंगाला गरम वारा, आणि तरी पाटलांच्या उजव्या दंडावर काटा आला, असं म्हणतात.

"पेटवा," पाटील म्हणाले.

पण पेटवायचं कशाने? सगळ्या गावात एक निखारा नव्हता. चकमक घेऊन पाटील स्वतः बसले, पण त्या वाऱ्यात कापूस ठिणगी धरेना. तेव्हा गोजराने पदर खोचला, ते कच्चं मडकं उचललं आणि पश्चिमेला ओढ्याच्या दिशेने चालू लागली. जिथून आग सुरू झाली होती तिथे आता काळी राख आणि धुमसते बुंधे होते. जानकूला तिचा राग आला होता, पण तो तिच्या मागे गेला. म्हातारी बाई आगीकडे एकटी चालली हे त्याला बघवेना.

पुढचं सगळं जानकूने पाहिलं, आणि त्यानेच ते मरेपर्यंत सांगितलं. गोजराने काटकीने निखारे ओढून मडक्यात भरले आणि मडकं छातीशी धरून परत फिरली. कच्ची माती ती, विस्तवाने तडकायला हवी होती. तडकली नाही. जानकूने घोंगडी पुढे केली, "आक्का, ह्यात धर, हात भाजतील," म्हणाला. तिने मान हलवली. "घोंगडी पेटंल," एवढंच बोलली. चालता चालता मडक्याचा रंग बदलत गेला. आधी मातकट, मग तपकिरी, मग लाल. गाडीवाटेवर येऊन तिने ते खाली ठेवलं तेव्हा ते खणखणीत वाजलं. तिच्या हातांत मडकं भाजून निघालं होतं.

मग गाडीवाटेच्या कडेकडेने विस्तव लावला. गावाने घोंगड्या भिजवल्या, निरगुडीच्या फांद्या तोडल्या, आणि अलीकडे एकही ज्वाळ येऊ दिली नाही. दक्षिणेच्या वाऱ्याने ती आग माळावर ढकलली. वर्षाची वैरण डोळ्यांदेखत जळत गेली. जानकू फांदी आपटत होता आणि रडत होता.

उन्हं कलली. गाडीवाटेपासून वर अर्धा माळ काळा झाला. आणि वारा पडला.

एकदम पडला. पान हलेना. धूर सरळ वर गेला. गोजरा वाटेवर उभी होती, तिने मान वर केली आणि उत्तरेकडे पाहिलं. मग डोंगरावरून असा आवाज आला, जसा भरल्या नदीचा येतो. उत्तरेचा वारा खाली उतरला. डोंगराकडे चाललेली ती आग जागच्या जागी वळली, तिची सगळी कूस तोंड झाली, आणि ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गावाकडे धावली. ज्वाळा झाडांपेक्षा उंच होत्या. माणसांनी पोरं उचलली. पाटील ओरडले, "कुणी हलू नका!"

आग काळ्या जमिनीपर्यंत आली. तिथे थांबली. ती गोजराकडे बघत गुडघे टेकून बसली, असं म्हणतात. मी म्हणेन, तिला खायला काही उरलं नव्हतं. पण बसली हे खरं. डाव्या अंगाने बसली, उजव्या अंगाने बसली, आणि दिवेलागणीला माळावर धुराशिवाय काही राहिलं नाही.

आणि मग थंडी आली. अशी आली की आठ दिवस घामाने भिजलेली माणसं कुडकुडायला लागली. पांघरायला घोंगड्या मागितल्या, तर सगळ्या ओल्याचिंब आणि करपलेल्या! गाव दातावर दात आपटत हसत सुटलं, म्हणतात, आणि बऱ्याच दिवसांनी संध्याकाळच्या चुली घराघरात पेटल्या.

गोजराच्या हातांबद्दल दोन गोष्टी सांगतात. कुणी म्हणतात, तिच्या तळव्यांवर एक फोडही आला नाही. जानकू मात्र सांगायचा की तिची बोटं आखडली ती पुन्हा कधी सरळ झाली नाहीत. मला जानकूचं खरं वाटतं. चाक कुणी फोडलं नाही, पण त्यावर बसायचं तिचं त्या दिवशी संपलं.

दुसऱ्या दिवशी वारा शांत झाला. तिने जानकूला बोलावून आवा पेटवून घेतला. सगळी मडकी निर्दोष निघाली, एकही तडकलं नाही. गावाला पणत्या मिळाल्या. उरलेली मडकी तिने गाढवावर लादली.

"कुठं निघालीस?" जानकूने विचारलं.

"बारा गावं हायेत. एकेका मडक्यापायी एकेक भारा गवत मागनार."

"ह्या हातांनी?"

"गवत मी जाळलंय. वैरण मलाच आणली पायजे."

जानकूने गाढवाचा कासरा तिच्याकडून घेतला.

तो सबंध हिवाळा कुसरुंडच्या वाटेवर गवताचे भारे चालताना दिसायचे. खाली गाढव आहे, की माणूस आहे, काही दिसायचं नाही, नुसता भारा. मडकी संपली तरी भारे यायचे थांबले नाहीत. बारा गावांतली माणसं आपण होऊन आणून टाकू लागली. त्या वर्षी कुसरुंडची एकही गाय दगावली नाही, आणि त्या गवतावर गाईंनी दुप्पट दूध दिलं, असं म्हणतात.

गोजरा पुढे पुष्कळ वर्षं जगली. तिच्या भावाचा मुलगा येऊन चाक चालवू लागला. ती दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला वारा सांगायची. गाव तिला गोजराई म्हणू लागलं. एका वर्षी थंडीचा पहिला वारा आला त्या सकाळी ती दारात नव्हती. अंथरूण नीट घडी घातलेलं होतं. कुणी म्हणतं ती त्या वाऱ्याबरोबर गेली. जानकू तेव्हा थकला होता, काठी टेकत वेशीपर्यंत जाऊन उत्तरेकडे बघत उभा राहिला, आणि परत आला.

कुसरुंडमध्ये आजही एक रीत आहे. तिला तिथी नाही. दिवाळीच्या आगेमागे उत्तरेचा पहिला गार वारा सुटला की प्रत्येक घर गवताचा एक भारा वेशीबाहेर नेऊन ठेवतं. त्याला गोजराईचा भारा म्हणतात. कुठल्याही गावाचा, कुठल्याही जातीचा माणूस येऊन तो उचलू शकतो. ज्याचं रान जळलं, ज्याची वैरण संपली, तो येतो आणि नेतो. त्याला नाव विचारत नाहीत.

आठ दिवसांनी गाव वेशीवर बघायला जातं. एखाद्या वर्षी सगळे भारे गेलेले असतात, मग घरोघरचे लोक आणखी आणून ठेवतात. आणि एखाद्या वर्षी एकही उचललेला नसतो, ठेवले तसेच ओळीने असतात. तेव्हा म्हातारी माणसं समाधानाने एकमेकांकडे बघतात.

"बरं झालं," ती म्हणतात. "औंदा कुणाचं जळलं न्हाई."

आणि मग भाऱ्यांचे बंद सोडून सगळी गुरं तिथे मोकळी करतात.