मिठाच्या नाळेतल्या पायऱ्या

पाव्हणं, वर माथ्यावरच्या त्या रिकाम्या चौथऱ्याकडं काय बघताय? तिथं काही नाही. बघायचं असेल तर आधी ही मिठाची गोणी पाठीवर घ्या. ताठ मानेनं चढणाऱ्याला ही नाळ, ही घाटातली चिंचोळी वाट, काही दाखवत नाही. मोठमोठे साहेब वरपर्यंत जाऊन हात हलवीत परत आलेत. वाकलात, की पुढच्या पायरीच्या उभ्या तोंडावर कोंबडी दिसेल, खेकडा दिसेल, सुगरणीचं घरटं दिसेल. खालच्या कोकणापासून वर देशापर्यंत हा सगळा दगड कोरलेला आहे.

त्याची कथा अशी सांगतात. कोकणातलं मीठ तेव्हा माणसांच्या पाठीवरून घाट चढायचं. गोणी पाठीवर, तिचा पट्टा कपाळाला. त्या हेलकऱ्यांच्या जिवावर घाटाचा ठाणेदार सुभानराव गब्बर झाला होता. एके वर्षी त्याच्या मनात आलं, ह्या गरिबांसाठी आपण काहीतरी करावं. ओझं हलकं करायचं काही सुचलं नाही, सुचला तो पुतळा. सटवाजी पाथरवट म्हणजे त्या मुलखातला नावाजलेला हात. त्यानं जीव ओतून माथ्यावर हेलकऱ्याचा पुतळा उभा केला. माणसाच्या दुप्पट उंचीचा, छाती पुढं, पाठीवर गोणी आणि ओठांवर हसू. ज्यांच्यासाठी केला त्यांनी तो एकदा डोळे भरून बघावा, एवढीच सटवाजीची आस होती. माणूस खोटा नव्हता हो.

पण कुणी बघेचना. ओझ्याखाली मान वर होत नाही, आणि माथ्यावर पोचलं की गोणी टाकून जो तो वाऱ्याकडं तोंड करून बसे, पुतळ्याकडं पाठ. सटवाजी आडोशाला उभा राहून हे बघायचा आणि त्याचा जीव तीळ तीळ तुटायचा. सुभानराव मात्र भडकला. गोणी उतरवण्याआधी प्रत्येकानं पुतळ्याला मुजरा करायचा, असा त्यानं हुकूमच काढला. तो मुजरा करताना एक दिवस गवरा नावाची हेलकरीण ओझ्यासकट कोसळली. सटवाजीनं धावत जाऊन तिला उठवलं, आणि न राहवून विचारलं, बाई, हा तर तुमचाच पुतळा, मग तुम्हा लोकांना तो आवडत का नाही?

गवरा गुडघ्याचं रक्त पुसत म्हणाली, "दादा, गोणी मला ठावी आहे. तीच परत दगडात कशाला दाखवता? आणि ह्या वाटेवर हसताना आमच्यातलं कोण बघितलंत तुम्ही?"

रागानं नव्हे, साधंच म्हणाली म्हणे. सटवाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी त्यानं तिची गोणी मागून घेतली आणि तळापासून चढायला लागला. तेव्हा त्याला कळलं, हेलकऱ्याला घाटात ना डोंगर दिसतो, ना दरी. दिसते ती फक्त पुढची पायरी, काळी ठिक्कर, जन्मभर तीच.

त्यानं सुभानरावाकडं पायऱ्या कोरायची परवानगी मागितली. सुभानराव हसला. त्यांना कलेतलं काय कळतंय, म्हणाला, पुतळा दिलाय तेवढा पुरे. पायऱ्यांना छिन्नी लावलीस तर ह्या मुलखात पुन्हा काम मिळायचं नाही. सटवाजी हात जोडून निघाला तो थेट खालच्या पायरीपाशी येऊन बसला.

पहिली चित्रं झाली आणि मिठाची रांग आली. पुढं गवरा. चढावर हेलकरी कधी थांबत नसतो, थांबला की पाय कापतात. गवरा थांबली. मागची सगळी रांग थांबली.

"ह्या कोंबडीचं एक पिल्लू कुठं गेलं?" तिनं विचारलं.

"वरच्या पायरीवर बघ."

ती वर चढली. पिल्लू तिथं होतं, एका गांडुळाच्या मागं लागलेलं. गवरा हसली, मागची हसली, आणि ते हसू खाली रांगेच्या शेपटापर्यंत गेलं. त्या नाळेत ओझ्याखालचं हसू दगडांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं म्हणतात.

मग वर्षांमागून वर्षं सटवाजी कोरत राहिला. वाकलेल्या डोळ्याला काय दिसतं ते कळावं म्हणून कोरतानाही पाठीवर गोणी ठेवायचा. हेलकरी त्याला भाकरी आणून द्यायचे, माझ्या माहेरची विहीर काढ, माझा मेलेला बैल काढ, असा हट्ट धरायचे. त्याची पाठ जी वाकली ती पुन्हा सरळ झाली नाही. पुतळा कधी पडला, कुणाच्या ध्यानातही नाही.

शेवटची पायरी राहिली तेव्हा सगळे म्हणाले, हिच्यावर सगळ्यात मोठं काहीतरी काढा. सटवाजीनं छिन्नी कमरेला खोचली.

"इथं तुम्ही गोणी टाकता आणि मान वर करता," तो म्हणाला. "इथं माझं काय काम?"

आजही ती पायरी तशीच मोकळी आहे. जत्रेला माणसं अजून मीठ पाठीवर घेऊन चढतात, तिथवर आली की ओझं उतरवतात आणि सरळ होतात. समोर आभाळ असतं, खाली सगळं कोकण.